हातमोजे काढू नयेत

रास लफानच्या कोरड्या गोदीत
जहाजाच्या पोटात उतरलं की पहिली पाटी तीच:
हातमोजे काढू नयेत.
चार भाषांत आहे. मराठीत नाही.
पण घाम कुठल्याही भाषेतला असो,
या पत्र्याला खपत नाही.

पत्रा पापडाएवढा, पाऊण मिलिमीटर.
लोखंड, आणि छत्तीस टक्के निकेल.
याच्या कुशीत उणे एकशे त्रेसष्टावर
वायू द्रव होऊन निजणार, पार जपानपर्यंत.
बाहेर पन्नास अंश. तरी हा
ना थंडीनं आखडत, ना उन्हानं पसरत.
"तुझ्यासारखाच," रोडेल म्हणतो, मनिलाचा.
मी हसतो. शिवण पुढं सरकते.

शिरोलीच्या फाउंड्रीत बाप
दोरीला लोहचुंबक बांधून वाळूतनं कीस वेचायचा.
संध्याकाळपर्यंत चुंबकाला दाढी यायची.
तोच माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे,
एक कोपरा उडालेला.
या पत्र्याला लावला की चिकटतो.
दर पाळीला एकदा लावून बघतो, उगीच.

तपासणीला येतात त्या धातूंच्या डॉक्टर,
रुला हद्दादीन, अम्मानच्या.
आडनावाचा अर्थ लोहारच, हे त्यांनीच सांगितलं.
रात्री चहाला म्हणाल्या,
याच पत्र्याचा कुसळाएवढा कण
दोन हिऱ्यांच्या टोकांत धरायचा
आणि आवळत न्यायचा.
समुद्राच्या अगदी खोल तळाशी जेवढा दाब,
त्याच्या पन्नासपट. मग शंभरपट.
मोडत नाही. गंजत नाही. चमकही तीच.
फक्त चुंबकाला ओळख देत नाही.

का?
त्यांनी बिस्किटांचा पुडा मुठीत दाबून दाखवला.
अणूंनाही थोडं अंगण लागतं.
अंतर असलं तर एका दिशेला तोंड करून उभे राहतात.
फार जवळ आणले
तर ज्याच्या त्याच्या आतला काटाच विरघळतो.
दिशा दाखवायची कुणी?

दाब काढला तर?
बहुतेक वेळा येतं परत, म्हणाल्या,
आणि चुरा झालेलं बिस्किट
चहात टाकून प्यायल्या.

अल खोरच्या खोलीत आम्ही सहा जण,
तीन दुमजली खाटा.
एकाचा श्वास दुसऱ्याच्या उशीला लागतो.
वरच्या खाटेवरचा सयाजी, गारगोटीचा,
गणपतीनंतर हळूहळू गप्प होत गेला.
फोन वाजतो, थरथरत गादीच्या कडेपर्यंत येतो,
हा त्याच्याकडं बघत राहतो.
कुणाचा रे?
घरचाच.
जेवतो बरोबर. कामात चूक नाही.
पगाराच्या दिवशी दाढीसुद्धा करतो.

सोमवारी मी डावा मोजा काढला.
कारण काही नाही. अंगठा टेकवला पत्र्यावर,
गार आहे का बघायला. गार नव्हता.
बुधवारी तिथं तांबूस डाग उगवला,
रेषा मोजून घ्याव्यात इतका स्वच्छ.
फोरमननं टॉर्च मारला: कोण?
वीस जणांनी हात पाठीमागं नेले.
रुलाबाईंनी डाग पाहिला, मग मला,
आणि वहीत लिहिलं: कारण, दमट हवा.
कापा, म्हणाल्या.

तळहाताएवढा तुकडा भंगारात जायचा.
माझ्या खिशात आला.

रात्री वर सयाजीच्या हातात दिला, चुंबकासकट.
काय बोलायचं ते सुचलं नाही.
बराच वेळ काही नाही.
मग आवाज आला: टक्.
त्यानं सोडवून लांब धरला असावा,
चार बोटं, कदाचित कमी.
टक्.
पुन्हा.
खालनं कोण तरी मल्याळीत ओरडलं,
झोपा म्हणत असणार.
टक्.